कॅम्प स्ट्रीटच्या तिघी

१९३२. 'द बिग ब्रॉडकास्ट' या चित्रपटातलं हे दृश्य. पियानोवर मार्था, तिच्याजवळ कॉनी आणि व्हेट. या अमेरिकन गायिका, बॉस्वेल बहिणी. आधी नुसतं ऐका.

(गाण्याचा तुकडा)

आता ओठांकडे बघा. ताल द्यायला समोर कुणी नाही, तरी तिघींचा शब्द एकाच क्षणी उघडतो आणि एकाच क्षणी मिटतो.

ही सवय घरातली. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅम्प स्ट्रीटवर त्यांचं घर होतं. मार्था पियानो शिकली, कॉनी चेलो, व्हेट व्हायोलिन. शिकवणी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची, पण शहर जॅझचं! कॉर्नेट वाजवणारा एमेट हार्डी तर घरातल्यासारखाच. लहानपणी या बहिणींची एक खास भाषा होती. शब्दाच्या पोटात निरर्थक अक्षरं घुसवायची. आपल्याकडे पोरं 'च'ची भाषा बोलतात ना, तशीच. पुढे ती भाषा त्यांनी थेट गाण्यात आणली.

ही ७८ची तबकडी. सुई टेकते, चाल ओळखीची वाटते, आणि तेवढ्यात लय निम्म्यावर येते. आनंदी वाटणाऱ्या मेजर स्वरमालेतलं गाणं उदास वाटणाऱ्या मायनरमध्ये शिरतं. शब्द बाजूला पडतात, गळ्यातून ट्रम्पेट निघतो, आणि लय पुन्हा धावत सुटते. तीन मिनिटांत इतकी वळणं, पण कुठेही सांधा दिसत नाही. ही बांधणी या बहिणींची स्वतःची, पुढाकार कॉनीचा. साथीला डॉर्सी बंधूंसारखे नावाजलेले वादक होते, म्हणून हे श्रेय आपण त्यांच्या पदरात टाकू नये.

कॉनीला लहानपणापासून चालता येत नव्हतं. ती बसूनच गायची.

१९३१मध्ये न्यूयॉर्क, ब्रन्सविक या रेकॉर्ड कंपनीचा करार, रेडिओ. १९३५मध्ये 'द ऑब्जेक्ट ऑफ माय अफेक्शन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. १९३६मध्ये, लग्नांनंतर, तिघींचं एकत्र गाणं थांबलं. कॉनी एकटी गात राहिली.

पुढे गाजलेल्या अँड्र्यूज सिस्टर्स या गायिका बहिणींनी सुरुवात केली ती यांची नक्कल करत. आपण कॉनीसारखं गायचा प्रयत्न करायचो, असं खुद्द जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांनी सांगितलंय.

तोच तुकडा पुन्हा लावतोय. या वेळी सगळ्यात खालचा आवाज धरून ऐका.

(गाणं, शेवटपर्यंत)