तेल विका, पेंड ठेवा

(इंदूरमधल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित रूप)

माइक जरा जवळ ओढतो, मागच्या रांगेतल्या आजींनी खूण केली आहे. ऐकू येतंय ना? ठीक.

मागच्या थंडीत आमच्या गच्चीवरच्या खताच्या ड्रमाला वास सुटला. शेजाऱ्यांपर्यंत गेला. घरून ऐकावं लागलं, "वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकवलंत तेवढं पुरे." महिनाभर मी त्यात भाजीचे देठ, पपईची सालं, उरलेला वरणभात आणि दोन-तीनदा आंबट झालेलं ताक ओतत होतो. सगळं ओलं, हवेला शिरायला फट नाही. मग कडुनिंबाच्या वाळक्या पानांची दोन पोती आणली, ड्रम पालथा केला, एक थर ओला, एक थर पानांचा असा पुन्हा भरला आणि मधोमध एक लोखंडी सळई खुपसून ठेवली. चार-पाच दिवसांनी सळई उपसली, तर हातात धरवेना. वर झाकण उघडलं तर वाफ.

ही वाफ कुठून आली? ड्रमाखाली कुणी चूल पेटवली नव्हती. निंबाच्या पानांनी उन्हाळाभर जे ऊन साठवलं होतं, तेच जीवाणू खात होते आणि खाताखाता उष्णता बाहेर टाकत होते. ती उष्णता आभाळात गेली. ती परत गोळा करून कुणाला पान बनवता येणार नाही. पण त्याच पानांतलं स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम? ते ड्रमातच. ते जाणार कुठे? नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, मात्र तसं नाही, ते पळपुटं आहे. त्या उग्र वासात अमोनियाही होता, म्हणजे माझं नत्र शेजाऱ्यांच्या नाकात चाललं होतं. वाळकी पानं घातल्यावर जीवाणूंना भरपूर कर्ब (कार्बन) मिळाला आणि त्यांनी नत्र आपल्या अंगात धरून ठेवलं. तीस भाग कर्बाला एक भाग नत्र, हा साधारण हिशेब.

थर रचून असं खत करणं जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून शिकवलं जातं, आणि आपण इंदूरकर पोहे-जिलेबीचं कौतुक करतो! 1924 साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे आले, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर संशोधन संस्था उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्यांच्याबरोबर रसायनाची बाजू सांभाळत होते यशवंत वाड. 1931 साली दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. आपण हॉवर्डचं नाव घेतो आणि वाडांना विसरतो, हे मला खटकतं. त्यांचे खड्डे जेमतेम दोन फूट खोल असत. त्यात पिकांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी राख. तीन महिन्यांत तीनदा चाळवणी. कपाशीच्या आणि तुरीच्या पळकाट्या कुजेनात, म्हणून त्या शेतावरच्या रस्त्यात अंथरून ठेवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्याच त्यांचा चुरा करायच्या. मजुरी शून्य!

आता थोडं पुस्तकी. 1942 साली रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाने एका छोट्या तळ्याचा ऊर्जेचा ताळेबंद मांडला. तो छापून येण्याआधीच, सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. शेवाळाने धरलेली ऊर्जा हजार धरा. ते खाणाऱ्या बारीक जीवांच्या अंगी लागते शंभर, माशांच्या दहा, बगळ्याच्या वाट्याला एक. दर पायरीला दहा टक्के हा ढोबळ आकडा आहे, कमीजास्त होतो. बाकीची ऊर्जा श्वासात, हालचालीत, उष्णतेत जाते. म्हणून बगळे थोडे आणि शेवाळ फार.

हे सगळं आपल्या माळव्यात सोयाबीनवर लावून बघा, मग गंमत कळते. एक क्विंटल सोयाबीन घ्या. त्यात अठरा-वीस किलो तेल आणि चाळीस किलोच्या आसपास प्रथिनं. शुद्ध केलेल्या तेलात काय असतं? कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन. बस. हवा आणि पाणी, उन्हाने बांधलेलं. प्रथिनांत मात्र सहा किलोंच्या वर नत्र असतं, आणि दाण्यात साधारण अर्धा-पाऊण किलो स्फुरद. ते सगळं पेंडीत उतरतं. म्हणजे तेल विकलं तर शेतकरी ऊन विकतो. पेंड बाहेर गेली की शेताची माती ट्रकात बसून बंदराकडे निघाली. नत्राची भरपाई मुळांवरच्या गाठी हवेतून बरीचशी करतात. स्फुरदाला हवेची वाटच नाही, ते दगडातूनच यायचं. झाबुआकडे तो दगड आहे, तरी देशाची बहुतेक गरज आयातीवर भागते.

हेच गणित इथल्या देवगुराडियाच्या, ओल्या कचऱ्यातून गॅस आणि खत काढणाऱ्या प्रकल्पात दिसतं. 2022 साली सुरू झाला, दिवसाला 550 टन ओला कचरा पचवायची क्षमता. मला काहीजण विचारतात, "सर, गॅस काढून घेतल्यावर खतात राहिलं काय, चोथा?" अहो, मिथेन म्हणजे एक कर्ब आणि चार हायड्रोजन. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही. त्या गॅसवर शहरातली बस धावते ती तुमच्या भेंडीच्या देठातल्या उन्हावर. देठातली माती मागे खतात उरते. कर्ब बराच कमी होतो हे खरं, आणि जमिनीला कर्बही लागतो, म्हणून शेणखताची बरोबरी मी सांगणार नाही. पण चोथा म्हणू नका. ते खत गावाबाहेर शेतात गेलं तर फेरा पूर्ण. तेच नाल्यातून तळ्यात गेलं तर? आपला सिरपूर तलाव आता रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्याच्या काठी उभं राहून विचार करा. सांडपाण्यातलं स्फुरद म्हणजे जलकुंभीला, म्हणजे जलपर्णीला, मेजवानी. ती माजते, मरते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे उलटे तरंगतात. वस्तू तीच, जागा चुकली.

(श्रोत्यांतून प्रश्न : पेंड कोंबड्यांना घातली तर?)

घाला की. कोंबडी बरंचसं नत्र-स्फुरद विष्ठेतून परतच करते. प्रश्न एवढाच की कोंबड्या कुठे आणि शेत कुठे! सोयाबीन उज्जैनकडचं आणि पोल्ट्री भलत्याच राज्यात, तर तो फेरा राहिला नाही, एकेरी तिकीट झालं.

हं, आजी, विचारा. ताक? नाही, ड्रमात नका घालू. कढी करा.