कार्ल्याला गेलात तर आधी डावीकडे वळा

नमस्कार मंडळी, आज जरा वेगळा विषय, आइल. सिनेमा थिएटरात खुर्च्यांच्या मधून जाते ती वाट, एसटीत जिथे लोक पिशव्या आणि कोंबडीचं खुराडं ठेवून बाकीच्यांना अडवतात ती जागा, आपण त्याला आइल म्हणतो. पण बांधकामात हा शब्द मधल्या वाटेचा नाहीच मुळी, बाजूच्या वाटेचा आहे. मूळ लॅटिन शब्द ‘आला’ (ala), त्याचा अर्थ पंख. मधलं मोठं दालन हे पक्ष्याचं अंग आणि खांबांच्या पलीकडचे दोन अरुंद बोळ हे त्याचे पंख, असं काहीसं.

जुन्या गोव्यात हे एका फेरीत कळतं. 1619 साली पूर्ण झालेल्या से कॅथेड्रलमधे मधलं दालन आणि दोन्ही बाजूंना असे पंख, आणि रस्ता ओलांडून बॉम जेझूस चर्चमधे गेलात तर पंखच नाहीत, एकच मोठं सलग दालन.

पण मला खरं बोलायचंय ते कार्ल्याबद्दल. आपण एकवीरा आईचं दर्शन घेतो, पायऱ्या चढून दम लागलेला असतो, मग शेजारच्या लेण्यात डोकावतो, मधोमध उभं राहून स्तूपाचा फोटो काढतो की झालं. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनेचं लेणं, जवळपास 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद, त्यातले दोन्ही बाजूंचे बोळ खांबांची जाडी धरून फक्त दहा-दहा फूट. आता बघा, हे सगळं एका अखंड कातळात कोरलेलं, छत पेलायला खांब लागतच नव्हते, तरी दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसांनी एवढा दगड फोडून बोळ काढले, का? एक तर लाकडी इमारतींची नक्कल, त्यात खांब असायचेच. आणि दुसरं, मला जास्त पटणारं, मधे बसलेल्यांच्या अंगावरून न जाता स्तूपाला प्रदक्षिणा घालता यावी म्हणून. दारंसुद्धा तीन आहेत, मधलं दालनात उघडतं, बाजूची दोन थेट बोळांत.

तर पुढच्या वेळी आत शिरलात की सरळ जाऊ नका, डावीकडच्या बोळात घुसा. अंधार आहे, पुढच्या मोठ्या खिडकीचा उजेड सगळा दालनाला मिळतो, इथे फारसा येत नाही. डोळे सरावले की वर बघा. खांबांच्या माथ्यावर मधल्या बाजूला गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर जोडपी, ते सगळ्यांच्या फोटोत असतात, पण त्याच खांबाच्या पाठीला, बोळाकडे तोंड करून, घोडे कोरलेत. काही खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं, त्यात चक्क धेनुकाकट नावाच्या जुन्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक. असंच चालत स्तूपाच्या मागे या, तिथले सात खांब एकदम साधे, अष्टकोनी, ना हत्ती ना घोडे. समोरून ते स्तूपाआड जातात ना, बहुतेक म्हणूनच.