जे. सी. डॅनियल : एका मूकपटाची किंमत

तिरुवनंतपुरम शहरातील पट्टम या भागात, आज जिथे केरळ लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे त्याच परिसरात, १९२६ साली ‘त्रावणकोर नॅशनल पिक्चर्स’ हा स्टुडिओ उभा राहिला. केरळमधला हा पहिलाच चित्रपट स्टुडिओ. तो उभारणारे जे. सी. डॅनियल हे कन्याकुमारीजवळच्या अगस्तीश्वरम गावचे, सधन ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांचे पहिले प्रेम सिनेमावर नव्हते, तर कळरीपयट्टू या युद्धकलेवर होते. त्या विषयावर १९१५ साली त्यांनी एक इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले होते, आणि ही कला दूरवरच्या लोकांपर्यंत पोहोचवायची तर चित्रपटासारखे साधन नाही, या विचाराने ते सिनेमाकडे वळले.

मद्रासमधल्या स्टुडिओंनी त्यांना दारातूनच परत पाठवले, तेव्हा त्यांनी मुंबई गाठली. आपण शिक्षक असून विद्यार्थ्यांना या नव्या कलेची माहिती द्यायची आहे, असे सांगून त्यांनी तिथल्या स्टुडिओंत प्रवेश मिळवला, काम बारकाईने पाहून घेतले आणि यंत्रसामग्रीसह ते घरी परतले. पैसा उभा केला तो स्वतःची जमीन विकून.

त्यातून तयार झाला मल्याळम सिनेमातला पहिला चित्रपट, ‘विगतकुमारन’, म्हणजे हरवलेला मुलगा. या मूकपटाची कथा डॅनियल यांनी स्वतः लिहिली, कॅमेरा स्वतः चालवला, निर्मिती आणि दिग्दर्शन केले आणि नायकाची भूमिकाही केली. त्रावणकोर संस्थानातल्या श्रीमंत घरातल्या मुलाला पळवून सिलोनला नेले जाते, तो तिथल्या मळ्यावर मजूर म्हणून वाढतो आणि अनेक वर्षांनी पाठीवरच्या एका व्रणामुळे त्याची ओळख पटते, अशी ही गोष्ट. देशभर पौराणिक चित्रपटांची चलती असताना या माणसाने पहिल्याच प्रयत्नात सामाजिक कथानक निवडले, याची नोंद पुरेशा आदराने घेतली जात नाही.

नायिका मिळणे मात्र अवघड होते. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी अण्णा साळुंके या पुरुषाला उभे करावे लागले होते, हे मराठी प्रेक्षकांना ठाऊक आहेच. डॅनियल यांना स्त्रीच हवी होती. मुंबईहून बोलावलेल्या अभिनेत्रीशी जमले नाही, तेव्हा काक्करिशी या लोकनाट्यात काम करणारी पी. के. रोझी ही दलित तरुणी पुढे आली आणि तिला भूमिका मिळाली ती सरोजिनी या नायर घराण्यातल्या मुलीची.

पहिला खेळ झाला तो तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये. त्याची तारीख अनेक वर्षे ७ नोव्हेंबर १९२८ अशी दिली जात असे, पुढे अभ्यासकांनी २३ ऑक्टोबर १९३० ही तारीख मांडली. रोझी हजर असेल तर आम्ही येणार नाही, अशी अट काही प्रतिष्ठितांनी घातली होती. पडद्यावर नायक नायिकेच्या केसांतले फूल काढून त्याचे चुंबन घेतो, या प्रसंगाला प्रेक्षकांतून दगड आले आणि पडदा फाटला. दलित स्त्रीने सवर्ण स्त्रीचे रूप घ्यावे, एवढेच त्या जमावाला असह्य झाले होते. रोझीचे घर जाळण्यात आले, तिला जीव वाचवण्यासाठी लॉरीतून तमिळ मुलखात पळून जावे लागले आणि ती पुन्हा कधी चित्रपटात दिसली नाही. ‘विगतकुमारन’ चालला नाही, असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा तो चालू दिला गेला नाही, हेही लिहिले गेले पाहिजे.

डॅनियल यांनी त्यानंतर कळरीवर एक माहितीपट केला, पण कर्ज फिटेना आणि स्टुडिओ बंद झाला. ते दंतवैद्य झाले, त्यात त्यांचा जमही बसला. परंतु तमिळ नट पी. यू. चिन्नप्पा यांच्या ओळखीतून सिनेमाची ओढ पुन्हा जागी झाली, आणि साठवलेला पैसा घेऊन मद्रासला गेलेले डॅनियल तो गमावून परतले. ‘विगतकुमारन’ची फिल्मही उरली नाही. लहानपणी आपणच ती रिळे खेळता खेळता पेटवून दिली, असे त्यांच्या धाकट्या मुलाने पुढे सांगितले.

१९६० च्या दशकात पत्रकार चेलंगाट्ट गोपालकृष्णन यांनी त्यांना शोधून काढले आणि त्यांच्या हक्कासाठी चिकाटीने लेखन केले. तरीही केरळ सरकारने वृद्ध कलावंतांचे निवृत्तिवेतन नाकारले, कारण अर्जदार तमिळनाडूचे रहिवासी. वास्तविक अगस्तीश्वरम हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्रावणकोरचाच, पुढे त्रावणकोर-कोचीन राज्याचा भाग होते आणि चित्रपट बनला तो त्रावणकोरच्या राजधानीत. २७ एप्रिल १९७५ रोजी डॅनियल यांचे त्याच गावी हलाखीत निधन झाले.

मल्याळम चित्रपटातील आयुष्यभराच्या कार्यासाठी केरळ सरकारने १९९२ पासून डॅनियल यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान निर्माते टी. ई. वासुदेवन यांना दिला. रोझीच्या नावाची संस्था व्हायला मात्र २०१९ साल उजाडले, आणि ती ‘पी. के. रोझी फिल्म सोसायटी’ स्थापन केली ती मल्याळम चित्रपटसृष्टीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने.