चाकू होता कोणाच्या हातात?

नमस्कार मंडळी! आपल्या नागपुरात लुटीची बातमी आली की चहाच्या टपरीवर निकाल लागूनच जातो, "चाकू होता ना, मग सगळ्यांना सात-सात वर्षं आत टाका!" राग बरोबर आहे राजेहो, पण कायदा तसा चालत नाही.

जुन्या दंड संहितेत कलम ३९७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३११ झालं. जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरलं तर कमीत कमी ७ वर्षं, जजला दया आली तरी त्याच्या खाली जाता येत नाही.

आता समजा वर्धा रोडवर रात्री तिघांनी एका माणसाला अडवलं, एकानं गळ्याला चाकू लावला, दुसऱ्यानं मोबाइल अन् पाकीट काढलं, तिसरा बाइक चालू ठेवून उभा. जबरी चोरीत तिघंही अडकले, पण ही सात वर्षांची सक्ती फक्त चाकूवाल्याला. सुप्रीम कोर्टानं १९७५ मध्ये फूलकुमारच्या केसमध्ये हेच सांगितलं अन् २०२१ मध्ये मध्य प्रदेशच्या एका केसमध्ये परत सांगितलं, की ज्यानं स्वतः हत्यार वापरलं त्यालाच हे कलम लागतं, दुसऱ्याच्या हातातला चाकू याच्या खात्यात टाकता येत नाही. बाकीचे दोघं सुटले असं नाही बरं का, जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत आहेच, हायवेवर अंधार पडल्यावर असेल तर १४ पर्यंत, फक्त तिथं किती द्यायची हे जज ठरवतो. मला तरी हे पटतं, बाइकवर बसलेल्या पोराला कधीकधी दोस्ताच्या खिशात काय आहे हेही माहीत नसतं.

आणि वापरलं म्हणजे भोसकलंच पाहिजे असंही नाही! समोरच्याला दिसेल असा कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, हातात धरला, तो घाबरला, झालं वापरणं. सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात हेच आहे. पण चाकू खिशातच राहिला, कोणाला दिसलाच नाही अन् नंतर झडतीत सापडला, तर ३११ टिकणं कठीण.

खरी गडबड होते ती एफआयआरमध्ये. आपण घाबरलेलो असतो, "त्यांनी चाकू दाखवला" एवढंच सांगतो, लिहिणाराही "आरोपींनी संगनमत करून" लिहून मोकळा होतो, आणि कोर्टात वकील विचारतो, यातला कोण? म्हणून रिपोर्ट देताना सांगाच, चेक्सच्या शर्टवाल्याच्या हातात होता, उंच होता, बाइकवाल्याच्या हातात काही नव्हतं. अन् सही करायच्या आधी एकदा वाचून घ्या, घाई असली तरी.