डावीकडे झुकलेली पिकअप

(दृश्य : पहाटेचा अंधार. दिवे घाट उतरणाऱ्या गाड्या.)

पुरंदरचा वाटाणा, अंजीर, सीताफळ उजाडायच्या आत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचं, हे या गाड्यांचं रोजचं काम. त्यातलीच ही एक पिकअप. वय विशीच्या पुढचं. मागून पाहिली तर हौदा डावीकडे कललेला, आणि तोही गाडी रिकामी असताना. मालक सांगतात, “रस्त्यात निम्मे लोक हात करून ओरडतात, अण्णा, पंक्चर बघा! उतरून बघितलं तर चाकात हवा टच्च.”

आतापर्यंत दोन इलाज झालेत. आधी मागचे दोन्ही शॉकअप नवे बसवले. फरक पडला नाही, पडणारही नव्हता. साधा तेलाचा शॉकअप गाडीची उसळी आवरतो, वजन पेलत नाही. वजन पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. तरी गाडी बसली की पहिला बळी शॉकअपचाच. दोन बोल्ट काढले की हातात येतो, म्हणून असेल. मग कुणीतरी मागच्या डाव्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या जुडग्यात, एक जादा पाटा चढवला. हौदा जरा उचलला गेला, पण झुकाव पुरता गेला नाही; वर खड्ड्यात ते चाक दगडासारखं आपटायला लागलं.

(दृश्य : वडकीतलं गॅरेज. सिमेंटचा कोबा.)

मिस्त्री गाडीखाली शिरत नाहीत. गाडी कोब्यावर घ्यायला लावतात. डाव्या-उजव्या चाकांची हवा सारखी करतात, टायरचे आकडे वाचतात. गाडी दोन-चार फूट पुढे-मागे करवतात, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मग टेप. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही मापात येते, म्हणून मध्यापासून. हौद्याखालचे रबर कुजून नुसता हौदाच कलंडलेला नाही ना, हे पाहायला चेसिसपासूनही, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासूनही, एक माप.

चेसिसही कललेलंच आहे. डावी बाजू पुढे कमी, मागेही कमी.

इथेच फसायला होतं. चेसिस बऱ्यापैकी ताठ असतं. एक कोपरा बसला की तो अख्खी बाजू घेऊन बसतो. झुकाव किती ते टेप सांगते, कुठून ते सांगत नाही. आणि आपण गाडी मागून बघतो, म्हणून दोषही मागेच शोधतो.

(दृश्य : पुढच्या चाकांना दगड. मागच्या डिफरन्शियलखाली (एक्सलच्या मधला गोळा), बरोबर मधोमध, जॅक.)

मागची दोन्ही चाकं जमिनीपासून बोटभर उचलली. आता गाडीचा मागचा भाग एकाच टेकूवर तोललेला आहे, तराजूच्या दांडीसारखा. मागच्या पाट्यांचं डावं-उजवं काही चालत नाही; गाडी सरळ की तिरकी हे आता पुढचे पाटे ठरवणार. झुकाव गेला तर दोष मागे. राहिला तर पुढे.

झुकाव राहिला. मालक आधी जॅककडे बघतात, मग मिस्त्रींकडे.

खात्रीसाठी आता उलट. या गाडीला पुढेही पाटेच आहेत, त्यामुळे जॅक पुढच्या एक्सलच्या मधोमध. हौदा सरळ व्हायला हवा होता. तो चक्क उजवीकडे किंचित कलला! मागच्या डाव्या बाजूला चढवलेल्या जादा पाट्याची ही साक्ष.

(दृश्य : पुढची डावी कमान. तारेचा ब्रश.)

चिखल खरवडल्यावर कमान एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या पट्टीलगत तांबूस गंजाची बारीक रेघ दिसते. कमान खोलली. वरून दुसरा पाटा मधोमध, सगळे पाटे ओवणाऱ्या सेंटर बोल्टपाशी तुटलेला, पण यू-बोल्टने दोन्ही तुकडे आवळून धरलेले; बाहेरून सगळं शाबूत. तुटीचा अर्धा भाग काळा, गंजलेला, उरलेला चकचकीत. म्हणजे चीर कधीचीच होती. ती फेरीगणिक वाढत गेली आणि एखाद्या खड्ड्यात राहिलेलंही गेलं.

डावीकडेच का? मला वाटलं, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, खचलेली साइडपट्टी डाव्याच चाकाला लागते. मिस्त्री मालकांना विचारतात, “क्रेट कुठून चढवता?”

“ओट्यावरून. गाडी डावीकडून लागते ना.”

“आणि मग उजवीकडे सरकवतं कोण?”

मालक हसतात. (माझा साइडपट्टीचा मुद्दा तिथेच राहिला.)

पाटे धड निघाले असते, तर डावी-उजवी कमान अदलाबदल करून झुकाव बाजू बदलतो का, हे बघितलं असतं. तरी तो जागचा हलला नसता, तर चेसिसच वाकलंय का हे बघायला ओळंबा. चेसिसच्या चार खुणांवरून ओळंबा सोडून कोब्यावर खडूने ठिपके काढायचे आणि तिरक्या अंतरांची तुलना करायची. आज त्याची वेळ आली नाही.

पुढे दोन्ही बाजूंना नव्या कमानी बसतात. मालकांना एकच हवी होती, पण उजवीही इतक्या वर्षांत बसलेली आहे. एकटी डावी नवी घातली तर गाडी उजवीकडे झुकेल. यू-बोल्टही नवे, आणि आठवडाभर माल वाहिल्यावर पुन्हा आवळून घ्यायचे. मागचा जादा पाटा निघाला.

पुन्हा टेप. चार-पाच मिलिमीटरचा फरक उरतो. मिस्त्री टेप खिशात टाकतात.

(दृश्य : भिंतीलगत तुटक्या पाट्यांचा ढीग.)

तुटलेला पाटा ढिगात जातो. हा ढीग लोहार घेऊन जातात. पाट्याचं पोलाद कोयत्याला चांगलं. उसाचा हंगाम जवळ आलाय.