गुड ओल्ड चार्ली ब्राउन, आणि त्याला काढणारा माणूस

या चार चौकटी जरा नीट बघा. २ ऑक्टोबर १९५० ला अमेरिकेतल्या सात पेपरांत ‘पीनट्स’ ही कॉमिक स्ट्रिप, म्हणजे चौकटींतली चित्रकथा, पहिल्यांदा छापून आली. एक मुलगा आणि एक मुलगी बसलीयेत, समोरून गोल डोक्याचा एक पोरगा खुशीत चाललाय. मुलगा म्हणतो, तो बघ चार्ली ब्राउन आला, आपला गुड ओल्ड चार्ली ब्राउन... आणि तो पुढे निघून गेला रे गेला की शेवटच्या चौकटीत म्हणतो, डोक्यात जातो हा माझ्या!

लहान मुलांवरच्या स्ट्रिपची ही सुरुवात आहे बरं का. पहिल्याच दिवशी हिरो कुणालातरी नकोसा झालाय आणि बिचाऱ्याला त्याचा पत्तासुद्धा नाही. हे कुणाला सुचेल? आपली पाठ वळली की लोक आपल्याबद्दल काय बोलत असतील, ही धाकधूक ज्याच्या मनातून कधीच गेली नाही त्याला.

तो माणूस म्हणजे ही स्ट्रिप काढणारा चार्ल्स शुल्झ. जन्म १९२२ चा, मिनेसोटातला, लहानपण सेंट पॉल शहरात गेलं. एकुलता एक, वडलांचं केस कापायचं दुकान, आणि पुढे चार्ली ब्राउनचे वडीलही न्हावीच दाखवलेत. शाळेत त्याला मधल्या इयत्ता गाळून वरच्या वर्गात बसवलं, त्यामुळे झालं काय की सगळी पोरं मोठी आणि हा सगळ्यात लहान, बुजरा, कोपऱ्यातला. शाळेच्या वार्षिकासाठी चित्रं काढून दिली, ती छापलीच नाहीत, आणि जगभर नाव झाल्यावरही ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती. १९४३ मध्ये सैन्यात भरती झाला आणि त्याच सुमारास आई कॅन्सरने गेली. चार्ली ब्राउनच्या कुत्र्याचं स्नूपी हे नावसुद्धा आईने सुचवलेलं, पुन्हा कुत्रा पाळला तर हे नाव ठेवू असं ती म्हणाली होती.

युद्धानंतर तो पोस्टाने चित्रकला शिकवणाऱ्या एका संस्थेत शिकवायला लागला. तिथे चार्ली ब्राउन नावाचा सहकारी होता, नाव तिथून घेतलं. तिथल्याच अकाउंट्समध्ये लाल केसांची एक मुलगी होती, तिला शुल्झने लग्नाचं विचारलं, तिने नाही म्हटलं आणि १९५० मध्येच दुसऱ्याशी लग्न केलं. स्ट्रिपमध्ये लाल केसांची ती छोटी मुलगी येते १९६१ ला. म्हणजे येते तरी कुठे, चार्ली ब्राउन डबा खात एकटा बाकावर बसतो आणि लांबून तिच्याकडे बघत राहतो, उठून बोलायची हिंमत काही होत नाही. तिचा चेहरा शुल्झने पन्नास वर्षांत धडपणे काढलाच नाही.

बहुतेक लोक इथे येऊन थांबतात, चार्ली ब्राउन म्हणजे शुल्झ, संपला विषय. मला हे अर्धवट वाटतं. कारण मग स्ट्रिपमधली ल्युसी कोण?

ल्युसी, भांडखोर, तोंडाळ, पाच सेंट घेऊन स्टॉलवर मानसोपचार करणारी आणि पेशंटलाच झापणारी. शुल्झ स्वतः सांगायचा की आपल्यात जो टोचून बोलणारा माणूस आहे तो ल्युसीत उतरलाय, तो गुण काही चांगला नाही, पण तिच्यामुळे त्याला वाट मिळते. म्हणजे झापणारी ल्युसी पण तोच आणि खाली मान घालून ऐकणारा चार्ली ब्राउन पण तोच! ल्युसीचा भाऊ लायनस बायबलमधले उतारे तोंडपाठ म्हणतो, आणि शुल्झ चर्चमध्ये बायबलचे वर्ग घ्यायचा. याच पात्रांवरच्या १९६५ च्या नाताळच्या टीव्ही कार्यक्रमात बायबलचा उतारा नको असं बरोबरच्या लोकांना वाटत होतं, पण हा माणूस हटला नाही, लायनसने तो उतारा म्हटलाच. इतका बुजरा माणूस कामाच्या बाबतीत असा हट्टी होता.

आणि स्नूपी. टीशर्टवर, मगवर सगळ्यांनी पाहिलेला. तो आपल्या कुत्राघराच्या छपरावर बसून पहिल्या महायुद्धातला वैमानिक होतो, वकील होतो, टाइपरायटर घेऊन कादंबऱ्या लिहितो. सगळ्यात मोकळा, सगळ्यात बिनधास्त. पण त्या कादंबऱ्यांचं काय होतं बघा, प्रकाशकाकडून साभार परत, जवळजवळ दर वेळी. शुल्झने मनातल्या सगळ्यात मोकळ्या कोपऱ्यातही नकाराची चिठ्ठी आणून ठेवलीच.

२००७ मध्ये त्याचं एक मोठं चरित्र आलं, त्यात कुठली स्ट्रिप त्याच्या संसारातल्या कुठल्या प्रसंगावरून आली असे धागे जुळवलेत. ते वाचून शुल्झची मुलं नाराज झाली, आमचे बाबा इतके उदास नव्हते म्हणाली. मला मुलांचंही पटतं. स्ट्रिप म्हणजे रोजनिशी नाही, आज घरात भांडण झालं की उद्या पेपरात आलं असं नसतं. घटना येतात जातात, पात्रांत उतरतो तो स्वभाव.

तो स्वभाव बघायचाच तर त्याचा दिवस बघा. कॅलिफोर्नियात सांता रोझाला त्यानेच बांधलेली स्केटिंगची बर्फाची रिंक, तिथल्या कॅफेत ठरलेल्या टेबलावर रोजचा तोच नाश्ता, इंग्लिश मफिन आणि द्राक्षाचा जॅम, मग चालत स्टुडिओत. १७,८९७ स्ट्रिप्स, एकही असिस्टंट नाही. अक्षरंसुद्धा स्वतःची. १९८१ च्या हृदयाच्या ऑपरेशननंतर हात थरथरायला लागला, नंतरच्या स्ट्रिप्समध्ये जमिनीची रेघ बघा, कशी कापत कापत गेलीये. पण दुसऱ्याच्या हातात पेन दिलं नाही. २,६०० पेपरांत छापला जाणारा माणूस, आणि स्वतःला सिद्ध करणं काही संपलं नव्हतं, असं मला त्या रेघेकडे बघून वाटतं.

आता तो बॉल. ल्युसी बॉल धरते, चार्ली ब्राउन लाथ मारायला धावत येतो, ती ऐन वेळी काढून घेते, तो धाडकन पाठीवर. १९५२ पासून हे चाललंय. वाचक म्हणायचे एकदा तरी मारू दे हो त्याला! शुल्झचं म्हणणं, जिंकणं छान असतं, पण त्यात गंमत नसते. शेवटची वेळ २४ ऑक्टोबर १९९९. ल्युसीला घरून जेवायला हाक येते, ती बॉल धाकट्या भावाकडे, रीरनकडे देऊन जाते. तो परत आल्यावर विचारते, काय झालं, काढलास का बॉल, मारली का त्याने? तो म्हणतो, तुला कधीच कळणार नाही.

काही आठवड्यांत आजारपणामुळे शुल्झने निवृत्ती जाहीर केली. एका मुलाखतीत त्याच पोराची आठवण निघाली, बिचाऱ्याला बॉलला लाथ मारायला कधी मिळालीच नाही असं तो बोलला आणि त्याचं त्यालाच भरून आलं. इतकी वर्षं दर वेळी बॉल काढून घेणारा हातही त्याचाच होता की! १२ फेब्रुवारी २००० ला तो गेला, शेवटची रविवारची स्ट्रिप दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आली. पुढे दुसऱ्या कुणी ही स्ट्रिप काढू नये हे मुलांनी आधीच करारात घालून घेतलं होतं, म्हणून पेपरात आजही त्याच्या जुन्याच स्ट्रिप्स पुन्हा छापतात.