लाल कांदा थांबत नाही

(पहाट. मार्केट यार्डाचं गेट, गाड्यांचे लाईट)

पहाटेचे चार वाजलेत. सोलापूर, हैदराबाद रोड, श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती. गेटापासून ही जी टेम्पो-ट्रकची लाईन लागलीय तिचं शेवटचं टोक आम्हाला एका शॉटमध्ये धरता आलं नाही. जानेवारी म्हणजे इथं लाल कांद्याचा भर सीझन. बार्शी, मोहोळ, माढा, मंद्रूप, अक्कलकोट, तिकडं तुळजापूर आणि सीमेपलीकडच्या इंडी-आळंदकडूनसुद्धा माल येतो, आणि येतो तो गोणीत भरून. नाशिककडं ट्रॉलीत सुटा कांदा ओतून नेतात, आपल्याकडं गोणी. एवढं लक्षात ठेवा, कारण गोणी म्हटलं की बारदाना, म्हणजे रिकामी पोती, आला, भराई आली, शिलाई आली, हमाली आली, आणि हे सगळं शेवटी पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, उतरतं.

(हमाल गाडी खाली करताना, जवळून)

डोक्यावरून पाठीवर सोडलेलं फडकं, हातात हूक. एक गोणी साधारण पन्नास किलोची. हूक गोणीच्या कानात अडकवायचा, एक झटका, गोणी पाठीवर, सात-आठ पावलं, आणि थप्पीवर बरोबर आडवी. हाच माणूस सकाळपर्यंत असंच करत राहतो, आम्ही मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढं सोडून दिलं.

"मामा, जरा हळू टाका, माल फुटतोय."

"हळूच टाकलं की रे बाळा, तुझा कांदाच ओला हाय."

हे वाक्य आम्ही मुद्दाम ठेवलंय, कारण सगळी गोष्ट या ओल्या कांद्याचीच आहे. आपण शहरात कांदा म्हणतो तेव्हा सगळा कांदा एकच समजतो, पण तसं नाही. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो, त्याची मान बारीक होते, साल घट्ट बसते, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टाकला तर चार-पाच महिने आरामात राहतो, भाव नसेल तर शेतकरी थांबू शकतो. लाल कांद्याचं रोप जून-जुलैपासून टाकायला लागतात, पावसात लागण सुरू होते, आणि नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत काढणी. याच्यात पाणी जास्त, साल पातळ. हा चाळीत टिकत नाही, कोंब फुटतो नाहीतर सडायला लागतो. म्हणजे काढला की विकायचाच, मिळेल त्या भावाला.

(ऊन वर आलंय. निवडणाऱ्या बायका)

या मावशींचे हात बघा. कांदा हातात आला की न बघता कळतं, मोठा गोळा, लहान गोल्टी, त्याहून बारीक चिंगळी, की जोड. बोटांची टोकं सालीच्या रंगानं काळी पडलीत, घरी जाऊन कितीही साबण लावला तरी वास जात नाही म्हणतात. एक तेलुगूत बोलतेय, दुसरी कन्नडमध्ये उत्तर देतेय, तिसरी दोघींना मराठीत गप्प बसवतेय. आपलं सोलापूर.

(लिलाव)

आता लिलाव. आडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाच्या, गाळ्यापुढं थप्प्या लागल्यात, पुढच्या एका गोणीचं तोंड उघडून कांदे खाली ओततात, खरेदीदार दोन-चार उचलतो, अंगठ्यानं मानेपाशी दाबतो, एखादा पायानंच उलटा करून बघतो, आणि बोली सुरू. बोली क्विंटलवर. आवाज एवढा भरभर चढतो की नवख्या माणसाला आकडाच कळत नाही, पण ज्याचा माल आहे तो तिथंच मागं उभा असतो, त्याला प्रत्येक आकडा कळतो. चार महिन्यांच्या पिकाचा भाव ठरायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. इथून हा कांदा दुपारनंतर हैदराबाद, बंगळूर, चेन्नईच्या बाजूला निघतो, आणि भारतातून बाहेर जाणारा कांदा बांगलादेश, मलेशिया, यूएई, श्रीलंका अशा देशांत जातो. सोलापूरचा माल स्वतः बंदरावर गेला नाही तरी निर्यात बंद झाली की तो तिकडचा सगळा कांदा देशातच फिरायला लागतो आणि इथली बोली खाली येते.

(हातातल्या मोबाईलचे, बातम्यांचे शॉट)

हे मोबाईल बघा, लिलावाच्या आधी प्रत्येकजण बातम्या चाळतोय. सवय लागलीय, आणि लागणारच. ऑगस्ट २०२३, केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबर संपता संपता किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर, म्हणजे त्याच्या खाली बाहेर विकायचा नाही. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदीच. डिसेंबर! म्हणजे ज्या आठवड्यांत लाल कांदा शेतातून निघत होता त्याच आठवड्यांत. सुरुवातीला ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मग ती पुढं वाढली, आणि उठली ४ मे २०२४ ला, तेही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सोलापूर आणि माढ्याचं लोकसभेचं मतदान ७ मेला होतं. तोवर आपल्याकडचा लाल कांदा कधीच विकून झाला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉलरची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. पुन्हा एप्रिल, लाल कांदा संपल्यावर. त्याच्या आधीही २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, २०२० च्या सप्टेंबरात बंदी, दोन्ही वेळा लाल कांदा शेतात उभा असताना.

दिल्लीत बसून निर्णय घेणारे शहरातल्या गिऱ्हाइकाचा विचार करतात, केलाच पाहिजे, कांदा ऐंशी रुपये झाला तर आमच्या घरातसुद्धा चर्चा होते. त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून बफर स्टॉक, म्हणजे भाव चढला की बाजारात सोडायचा राखीव साठा, घेतला जातो, तो मुख्यतः उन्हाळी कांद्याचा, कारण तोच टिकतो. २०२३ ला शुल्क लावल्यावर ओरड झाली तेव्हा २४१० रुपये क्विंटलनं जादा खरेदी जाहीर केली, तीही ऑगस्टमध्ये, तेव्हा बाजारात कांदा चाळीतला होता. लाल कांदेवाल्याला ना बफरचा मोठा आधार, ना थांबायची सोय. मग निदान एवढं करा की, जूनमध्ये तो रोप टाकतो त्याच्या आधी सांगा, या सीझनला निर्यातीचं धोरण हे असं आहे आणि माल निघेपर्यंत बदलणार नाही. त्याला कमी लावायचा असेल तर तो कमी लावेल. एकरी तीन-चार किलो बी लागतं, ते घ्यायच्या आधी त्याला माहिती पाहिजे, माल गाडीत भरल्यावर नाही.

(हिशोबपट्टीचा क्लोजअप)

फेब्रुवारी २०२३ ची एक पट्टी महाराष्ट्रभर गाजली होती, ती याच मार्केटमधली. बार्शी तालुक्यातला शेतकरी, दहा गोण्या, ५१२ किलो. भाव किलोला एक रुपया. झाले ५१२. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे मिळून कापले ५०९ रुपये ५१ पैसे. हातात राहिले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे, म्हणजे आडत न धरता ही कपात. भाव पडला तरी गोणी उचलायला तेवढीच मेहनत लागते, डिझेल तेवढंच जळतं, त्यामुळं हमालाचा किंवा गाडीवाल्याचा दोष नाही काढता येत. त्या साली राज्य सरकारनं नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत.

(इथं निवेदन नाही. पट्टी वाचणारा शेतकरी, शॉट पूर्ण चालू द्या)

कुणी कांदा कमी करून ऊस वाढवला, कुणी बँकेचं नवं-जुनं केलं, म्हणजे जुनं कर्ज भागवायला नवं घेतलं, आणि सीना नदीकाठच्या कित्येकांचा कांदा २०२५ च्या सप्टेंबरातल्या महापुरात रानातच गेला.

(संध्याकाळ. मोहोळच्या बाजूचं एक रान)

आणि हे शेवटचं शूटिंग. सकाळी पट्टी घेऊन निघालेला टेम्पो आता या रानात उभा आहे, मागं घडी घातलेली ताडपत्री आणि रिकामा बारदाना. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मार्केट बंद राहणार, त्यामुळं उद्याचा लिलाव गाठायचाय. काढलेला कांदा खरं तर पातीसकट तीन-चार दिवस सुकू द्यायला हवा. घरातले सगळे, शाळेतून आलेली पोरगीसुद्धा, बॅटरीच्या उजेडात पात कापतायत आणि दुपारी उपटलेला कांदा तसाच ओला गोणीत भरतायत.